मुकादमाचा अंगठा

ये शैला, अशी जवळ ये. कागदावरूनच का होईना, पण ये. इतकं काय रागवायचं गं म्हाताऱ्या आत्यावर? तीन आठवडे झाले, ना फोन ना फेरी. चुकलीस तू आणि फुगून बसलीस तीही तूच.

डोळ्याचं ऑपरेशन नको असं मी कुठं म्हटलं? मोतीबिंदू पिकलाय, काढायला हवा, एवढं मला कळतं. तुझ्या हॉस्पिटलातल्या त्या पोरीनं माझ्यापुढे कागद सरकवला, पेनानं तीन ठिकाणी फुल्या मारल्या आणि म्हणाली, आजी, इथं इथं सह्या करा. मी म्हटलं, आधी वाचून दाखव. ती तुझ्याकडे बघून हसली. आणि तू, माझ्या सख्ख्या भावाची लेक, स्वतः नर्स, म्हणालीस, "कर ना आत्या, फॉर्मॅलिटी असते."

मी सही केली नाही. रिक्षा करून घरी आले. चारचौघांत तुझी फजिती झाली, हे मला मान्य आहे. पण का उठले ते तुला सांगायचं राहिलं. घरात कुणालाच नीट सांगितलेलं नाही. तुझ्या बापाला अर्धंमुर्धं माहीत होतं, तो ते घेऊन गेला. आता तुला लिहायला बसले आहे. दुसऱ्या कुणी वाचलं तरी हरकत नाही, म्हणून दवाखान्यातले आणि कोर्टातले शब्द सोपे करून सांगते. तुला त्यातले निम्मे येत असतील. उरलेले ऐक.

एकाहत्तर साल संपत आलं होतं. मी आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात होते. कारखान्याचं नाव विचारू नकोस. मला सगळे नर्सबाई म्हणायचे, पण मी शिकलेली नर्स नव्हते. सातवी पास. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोवर नवरा गेला, सासरच्यांनी पारनेरला आणून सोडलं. तुझ्या आजोबांच्या जिवाला घोर नको म्हणून नगरला एका दवाखान्यात आया म्हणून लागले. तिथं भांडी धुता धुता बाटल्यांवरची इंग्रजी नावं अक्षराला अक्षर लावून वाचायला शिकले. इंजेक्शन कसं द्यायचं ते एका म्हाताऱ्या सिस्टरनं मोसंब्यावर शिकवलं. पुढे कारखान्याला बाई हवी होती, मी गेले.

राहायला दवाखान्यामागे एक खोली. एक खाट, एक स्टोव्ह, एक खिडकी. खिडकीतून कारखान्याचं धुराडं दिसायचं आणि त्याच्या पलीकडे ऊसतोडवाल्यांच्या कोप्या. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, हंगामापुरती. दिवस कलला की सगळ्या कोप्यांपुढे चुली पेटायच्या. इकडून तिकडून हाका, पोरांची रडं, भाकरी थापल्याचा आवाज. मी खिडकीत उभी राहून ऐकायची. मग खिडकी लावून स्टोव्ह पेटवायची. एका माणसाच्या भाताला किती वेळ लागतो? तेवढाच माझा संसार.

आता मुकादम म्हणजे काय ते समजून घे. पाथर्डी, शेवगावच्या कोरड्या भागातून माणसं गोळा करून ऊसतोडीला आणतो तो टोळीचा म्होरक्या. कारखाना टोळीला ओळखत नसे, मुकादमाला ओळखे. कोप्यांना जागा हवी, मुकादमाचा अंगठा. रेशन उचलायचं, मुकादमाचा अंगठा. टोळी गट, म्हणजे तोडीचा भाग, बदलणार, मुकादमाचा अंगठा. तीच रीत दवाखान्यात पडली होती. टोळीतल्या कुणाचं गळू फोडायचं, कुणाला टाके घालायचे, तर संमतीपत्रावर मुकादमाचा अंगठा घ्यायचा. संमतीपत्र म्हणजे "माझ्या अंगावर हे करायला माझी हरकत नाही" असं पेशंटनं लिहून द्यायचं. आमच्याकडचा कागद सायक्लोस्टाइल केलेला होता. तळाला छापलेलं, "रुग्ण अथवा पालक". पालक म्हणजे आईबाप, हे मला सातवीतही कळत होतं. पण अख्खी टोळी मुकादमाची लेकरं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मला त्यात वावगं दिसलं नाही. तीन हंगाम मी तेच करत आले होते.

गयाबाई आली ती दुपारी, बैलगाडीतून. तिशीची असेल. पाथर्डीकडची. सहा दिवसांपूर्वी ऊस तोडताना डाव्या हाताच्या दोन बोटांवर कोयता बसला होता. डाव्या हातात ऊस धरायचा आणि उजव्यानं कोयता मारायचा, त्यामुळे तोडवाल्यांची जखम बहुतेक डाव्याच हाताला. हळद भरून, चिंधी बांधून ती तशीच ऊस तोडत राहिली. का, तर तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको बसली की नवरा अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादमाला परवडत नाही.

मी चिंधी सोडली. अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही काळी पडली होती. वास सुटला होता. लाली मनगटाकडे चढत होती. अंगात ताप. मी केसपेपर लिहिला. केसपेपर म्हणजे पेशंट आला तेव्हा कसा होता त्याची नोंद. हे काम माझंच असायचं, माझं अक्षर बरं म्हणून. "शुद्धीवर. बोलते. ताप आहे. पाणी मागितले, दिले नाही." पाणी दिलं नाही, कारण भूल द्यायची वेळ येईल असा मला अंदाज आला होता, आणि भरल्या पोटी भूल देत नाहीत.

डॉक्टरसाहेबांनी हात पाहिला. ते वाईट माणूस नव्हते, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. हात हलका, निदान बरोबर. फक्त बोलायला वेळ नसायचा. पडद्याआड मला म्हणाले, दोन्ही बोटं जाणार, आज नाही काढली तर उद्या मनगट जाईल. तयारी करा आणि अंगठा घेऊन टाका.

मी बाहेर आले. तिचा नवरा किसन तिथं नव्हता. गाडी अड्ड्यावर न्यायची म्हणून मुकादमानं त्याला परत धाडलं होतं. मुकादम व्हरांड्यात खांबाला टेकून बिडी ओढत होता. बाजीराव त्याचं नाव. मी कागद आणि शाईचं पॅड पुढे केलं.

"कशाचा हाय?" त्यानं विचारलं.

"गयाबाईच्या हाताचा."

"बगा बाई, लवकर बरी करा. जोडी मोडली का माजा कोयता मोडतो." आणि अंगठा उमटवला. राहिलेली शाई खांबाला पुसली. त्या खांबावर तसे निळे डाग पुष्कळ होते. मी रोज बघायची, पण त्या दिवसापर्यंत मला ते डागच वाटायचे.

आत आले. गयाबाई टेबलावर पडून छताकडे बघत होती. मला म्हणाली, "बाई, काय करनार हायती?"

शैला, हे नीट ऐक. हातात कागद होता. ती दहा पावलांवर होती. शुद्धीवर होती, शहाणी होती, आणि तिनं स्वतःहून विचारलं होतं. मला वाटलं, खरं सांगितलं तर रडेल, वेळ जाईल, साहेब चिडतील. मी म्हटलं, "काही नाही गं. जखम धुवायची आहे."

ती बरं म्हणाली. मी नाकावर जाळीचा मास्क ठेवला आणि वरून ईथरचे थेंब सोडू लागले. ते भुलीचं औषध. तिनं माझा पदर धरला होता. भूल चढली तशी मूठ आपोआप सुटली.

दिवेलागणीला ती शुद्धीवर आली. ओकारी झाली, तोंड पुसलं. मग बँडेज बांधलेला हात तिनं डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"बाई, ह्यात बोटं किती हायती?"

मी म्हटलं, अंगठा धरून तीन.

ती रडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "तुमी धुवायची म्हनला हुता." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळानं भिंतीकडेच बघत विचारलं, बोटं कुठं टाकली? त्यातल्या एका बोटावर तिच्या आईनं जत्रेत गोंदून घेतलं होतं, तीन ठिपके. आई गेली तेव्हा तेवढंच मागं राहिलं होतं. मला उत्तर माहीत नव्हतं. झाडूवाला बादली घेऊन गेला होता.

जखम छान भरली. डॉक्टरसाहेबांचं काम चोख होतं, वर विष चढलं नाही. पण तीन बोटांत उसाची मोळी धरता येत नाही. पंधरवडाभर ती कोपीत बसून राहिली. मुकादमानं किसनच्या कानाला लागायला सुरुवात केली. दुसरी बघ, हंगाम वाया घालवू नको. किसन मऊ माणूस. मऊ माणसाला ज्या बाजूनं दाबाल तिकडे तो दबतो. एक दिवस त्यानं तिला नगरच्या एसटीत बसवून दिलं, भिंगारला भावाकडे जा म्हणून.

तिचा भाऊ आसराम भिंगारला मिलिटरीच्या एका स्टोअरमध्ये मजूर होता. दोन आठवड्यांनी तो खाकी पँट घालून दवाखान्यात हजर झाला. आवाज चढवला नाही. मला म्हणाला, बाई, माझ्या बहिणीची बोटं कापली त्याचा कागद बघायचाय. मी काढून दाखवला. काढायला नको होता, असं नंतर सगळ्यांनी मला सुनावलं.

त्यानं कागद उलटा सुलटा पाहिला. "ह्याच्यात गयाचा अंगठा कुठं हाय?"

मी म्हटलं, टोळीचा म्हणून मुकादमाचा घेतो आम्ही.

"आमच्यात कांबळ घ्यायचं म्हनलं तरी ज्याचं त्यानं सही करावी लागती, बाई. हे तर बोटं हुती." कागद मला नीट परत दिला, राम राम केला आणि गेला.

महिन्याभरात कारखान्याला वकिलाची नोटीस आली. दावा नुकसानभरपाईचा. पहिला प्रतिवादी कारखाना, दुसरे डॉक्टरसाहेब. प्रतिवादी म्हणजे ज्याच्यावर दावा लावला तो. मग मला लेबर ऑफिसरसाहेबांचं बोलावणं आलं. तीन हंगामांत त्यांनी मला कधी बसा म्हटलं नव्हतं. त्या दिवशी खुर्ची दिली, चहा मागवला.

त्यांचं म्हणणं असं. ती बाई कारखान्याची नोकर नाही, मुकादमाची. डॉक्टर कारखान्याचे असले तरी कुठं कापायचं ते त्यांचं ते ठरवतात, कारखाना काय त्यांना सुरी धरायला शिकवणार? आणि अंगठा कुणाचा घ्यायचा हे नर्सनं ठरवलं, कारखान्याचा तसा काही हुकूम नव्हता. थोडक्यात, दोष वरून घरंगळत आला आणि माझ्या पायाशी थांबला. पण त्यांनी लगेच धीरही दिला. टाइप केलेला एक कागद पुढे ठेवला. तळाला पेन्सिलीनं फुली मारलेली होती.

"सही करा कमलबाई."

"वाचू का साहेब?"

"वाचून काय करणार? फॉर्मॅलिटी आहे."

मी वाचला. हळूहळू, कारण टाइप पुसट होता. त्यात लिहिलं होतं की पेशंट आली तेव्हा तापानं बेशुद्ध होती, नातेवाईक हजर नव्हते, जिवाला धोका होता, सबब मुकादमास पालक समजून अंगठा घेतला. माझ्या नोकरीचं पक्कं करायचंही साहेबांच्या मनात होतं, ते त्यांनी चहा पिता पिता सांगितलं.

मी म्हटलं, उद्या सांगते.

त्या संध्याकाळी मी खिडकी उघडली नाही. सल्ला कुणाला विचारायचा? तुझ्या बापाला पत्र टाकलं असतं तर उत्तर यायला आठवडा. एका खोलीत एकटीनं राहणाऱ्या बाईला सल्ला द्यायला भिंती असतात, आणि त्या बिचाऱ्या हो ला हो करतात. मी भिंतीला म्हटलं, सही करावी. भिंत हो म्हणाली. मी म्हटलं, करू नये. तरी हो म्हणाली. मग मला केसपेपर आठवला. "शुद्धीवर. बोलते." माझंच अक्षर. आता सही केली तर माझंच एक अक्षर माझ्या दुसऱ्या अक्षराला खोटं पाडणार. सातवी पास बाईकडे अक्षराशिवाय असतं काय?

सकाळी कागद सही न करताच परत केला. साहेब म्हणाले, खोली कारखान्याची आहे, लक्षात आहे ना?

"आहे साहेब. झाडून पुसून ठेवलीय."

त्यानंतर मला कुणी काढलं नाही. नुसतं बोलणं बंद झालं. नोकरीवरून काढणं परवडलं, असं हे असतं. आया सखूबाई सणासुदीला पुरणपोळी आणून द्यायची, ती बंद झाली. कॉलनीच्या नळावर मी गेले की बायका आपापल्या घागरी ओढून घ्यायच्या आणि मला नळ मोकळा करून द्यायच्या, जणू मान देतायत. डॉक्टरसाहेब तर माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून कंपाउंडरला सांगायचे, "त्यांना म्हणावं, ट्रे आणा." कंपाउंडर मला सांगायचा, "ट्रे आणा म्हणतात." मी ट्रे आणून साहेबांच्याच हातात द्यायची. सव्वा वर्ष असं चाललं. कोप्या गेल्या, पुन्हा आल्या. किसन दुसऱ्या हंगामाला नवी बायको घेऊन आला. पूर्ण कोयता.

मग समन्स आलं. समन्स म्हणजे कोर्टाचं बोलावणं, त्याला नाही म्हणता येत नाही. गयाबाईच्या बाजूनं साक्षीला. नगरला तिच्या वकिलांनी मला आदल्या दिवशी बोलावलं. म्हातारे, कोट खांद्यावर विटलेला, टेबलावर कागदांचा ढीग आणि त्या ढिगात शेंगदाणे. मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, वकीलसाहेब, चूक माझी, मग दावा कारखान्यावर का?

ते म्हणाले, "बाई, मालकानं गडी ठेवला. त्याला गाडी दिली आणि म्हणाला, बाजारात माल टाकून ये. वाटेत गड्यानं एकाला चिरडलं. भरून कोण देणार?"

"गडी."

"गड्याकडे आहे काय? मालक देणार. गडी त्यानं निवडला, गाडी त्यानं दिली, मालाचा फायदाही त्याचाच. तोटा आला की मात्र म्हणायचं, हा कोण, मी ओळखत नाही, हे कायदा चालू देत नाही. आता गडी गाडी घेऊन आपल्या सासुरवाडीला गेला असता, तर गोष्ट वेगळी. तुम्ही अंगठा घेतला तो सासुरवाडीचं काम म्हणून घेतला का?"

मी म्हटलं नाही, ड्युटीवर होते.

"झालं तर मग. पण तुम्ही सुटलात असं समजू नका हं. चुकणारा नोकर कायद्यानं जबाबदार असतोच. तुम्हालाही प्रतिवादी केलं असतं. पण मग मला साक्षीदार कुठून मिळाला असता?" आणि शेंगदाणे माझ्यापुढे सरकवले. सव्वा वर्षात कुणी खायला पुढे केलं होतं ते पहिल्यांदा.

मग त्यांनी संमतीचं सांगितलं. माणूस बेशुद्ध असेल आणि जीव जात असेल तर डॉक्टरनं थांबू नये, कायदा त्याला समजून घेतो. पण शुद्धीवरच्या, शहाण्या माणसाच्या अंगावर सुरी लावायची तर त्यालाच विचारायचं. त्याच्या भल्याची असली तरी. दुसऱ्या कुणाचा अंगठा तिथं चालत नाही.

"नवऱ्याचासुद्धा नाही?" मी विचारलं.

"नवऱ्याचासुद्धा नाही."

चाळीशीला आले होते मी तेव्हा. माझ्या अंगाबद्दल, घराबद्दल, कुठं राहावं कुठं नाही याबद्दल आजवर जे जे ठरलं ते सासऱ्यानं, दिरानं, बापानं ठरवलं होतं. आपल्यालाच विचारायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी गयाबाईला काय विचारणार होते?

कोर्टात गयाबाईची साक्ष माझ्या आधी झाली. साक्षीदारांना बाहेर थांबवतात, मी व्हरांड्यात होते. काय झालं ते आसरामनं मागाहून सांगितलं. कारखान्याच्या वकिलानं तिला विचारलं, बोटं काढली नसती तर हात गेला असता, कबूल? ती व्हय म्हणाली. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस? पुन्हा व्हय. वकील खूश झाला. मग तुझी तक्रार काय?

"इचारलं न्हाई."

एवढंच.

मग माझी पाळी. कारखान्याचा वकील तरुण होता, पुण्याहून आणलेला. त्यानं आधी मला नर्सिंगचं सर्टिफिकेट विचारलं. मी म्हटलं, नाही. किती शिकलात? सातवी. म्हणजे पेशंट शुद्धीवर आहे की तापाच्या गुंगीत बरळतेय, हे तुम्हाला कळण्याचा काही संबंध नाही. कोर्टात दोघे-चौघे हसले. समोर डॉक्टरसाहेब बसले होते, ते पायातल्या बुटांकडे बघत होते. लेबर ऑफिसर माझ्याकडे बघत होते. गयाबाई मागच्या बाकावर, हात पदराखाली.

"सांगा ना बाई, ती शुद्धीवर होती हे कशावरून?"

हे उत्तर मी वकीलसाहेबांनाही सांगितलं नव्हतं. लाज वाटली होती. मी म्हटलं, "तिनं मला विचारलं, काय करणार आहेत म्हणून. मी खोटं सांगितलं. जखम धुवायची आहे म्हटलं."

"मग?"

"बेशुद्ध माणसाला खोटं सांगावं लागत नाही, साहेब."

नंतर त्यानं मला काही विचारलं नाही. जज्जसाहेबांनी केसपेपर मागवला, माझं अक्षर वाचलं, आणि मला जायला सांगितलं.

बाहेर कोर्टाच्या पायऱ्यांवर गयाबाई उभी होती. मला वाटलं, काहीतरी बोलेल. मी तिच्यासाठीच खरं बोलले होते, असा माझ्या मनात थोडा तोरा होता, खोटं कशाला सांगू. ती जवळ आली. डोळ्याला डोळा दिला नाही.

"कुठं हायत ती?"

हे मी झाडूवाल्याला मागेच विचारून ठेवलं होतं, तिच्या ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी. त्यानं जागा दाखवली होती. मी तिथं एक दगड ठेवला होता, पण तिला जाऊन सांगायचं धाडस झालं नव्हतं. म्हटलं, "दवाखान्यामागं, कडुनिंबाच्या बुडाशी. दगड ठेवलाय."

"बरं," म्हणाली, आणि भावाबरोबर निघून गेली. माफ केलं असं नाही म्हणाली. मीही मागितली नाही. तिच्या बोटांच्या बदल्यात माझ्याकडे द्यायला होतं काय, तर एका दगडाचा पत्ता.

निकाल पुढच्या वर्षी लागला. कोर्टानं म्हटलं, ऑपरेशन योग्य होतं, पण बाई शुद्धीवर असताना तिला न विचारता केलं, हे योग्य नव्हतं. मुकादम कुणाचा पालक नाही. आणि डॉक्टर, नर्स दोघंही कारखान्यानं नेमलेले, कारखान्याच्या हजेरीपटावर सही करणारे, कारखान्याच्या कामावर असताना चुकले, म्हणून भरपाई कारखान्यानंही द्यायची. मागितली होती त्यापेक्षा कमी मिळाली. कारखान्यानं अपील करतो करतो म्हटलं आणि शेवटी गुपचूप दिली.

तोवर मी खोली सोडली होती. मला काढलं नाही, मीच राजीनामा दिला. निघायच्या दिवशी कुणी निरोपाला आलं नाही. एक सखूबाई तेवढी आयांच्या खोलीच्या दारात उभी राहून लांबून बघत होती. ट्रंक उचलायच्या आधी मी कडुनिंबाखाली जाऊन दगड जागेवर आहे ना, ते बघून आले. मग नगरला एका बाळंतपणाच्या दवाखान्यात लागले, ते रिटायर होईपर्यंत. तिथं प्रत्येक बाईला मी विचारून विचारून इतकी वैतागवायची की डॉक्टरीणबाई मला "कमलबाई कोर्टवाल्या" म्हणायच्या.

गयाबाई भिंगारच्या बाजारात भाजी विकायची. मी नगरहून मुद्दाम तिथं जायची, आठवड्यातून एकदा. तिला काही हवंय का म्हणून नव्हे, मलाच हवं होतं. जुन्या दिवसांविषयी आम्ही कधी बोललो नाही. गिऱ्हाइकानं जुडी मागितली की सगळे विक्रेते हाताला येईल ती उचलून देतात. ती तीन बोटांनी दोन जुड्या पुढे धरायची आणि विचारायची, "कोनती देऊ?" दर खेपेला. मला त्या प्रश्नासाठी जावंसं वाटायचं.

कारखान्यानं पुढे संमतीपत्र बदललं, असं कंपाउंडर एकदा एसटीत भेटला तेव्हा म्हणाला. "पालक" शब्द खोडून "रुग्णाची स्वतःची सही अथवा अंगठा" असं छापलं. मी विचारलं, आणि तो कागद वाचून कोण दाखवतं? तो म्हणाला, "वाचून कशाला? अंगठा तर त्यांचाच असतो ना आता."

तर हे असं आहे बघ. खटला जिंकून कागद बदलता येतो. कागद पुढे करणारं माणूस मात्र ज्याचं त्यालाच बदलावं लागतं, आणि त्याला कोर्टाचा हुकूम लागू होत नाही. चूक तू केलीस तर भरपाई तुझं हॉस्पिटल देईल, कायदा अजून तोच आहे. पण "तुमी धुवायची म्हनला हुता" हे हॉस्पिटलच्या स्वप्नात येत नाही. ते नर्सच्या येतं.

आता कामाचं. तो ऑपरेशनचा कागद मी घरी आणला आहे, देवाच्या फोटोमागे ठेवलाय. भिंग लावूनही मला त्यातला बारीक टाइप लागत नाही, आणि भिंतींना वाचता येत नाही. रविवारी सुट्टी असते ना तुला? ये. मी मेथी निवडून ठेवते, भाकरी गरम करून वाढते. आधी जेव, मग समोर बसून तो कागद मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखव, आणि शेवटी विचार, आत्या, करायचं का?

मी हो म्हणणार आहे. तरी विचार. ये लवकर.